अरे हो, विसरलेच की!

फोन हातात धरून फोन शोधणाऱ्या, सबमिशनची तारीख विसरणाऱ्या आणि मग रात्रभर स्वतःलाच शिव्या घालणाऱ्या समस्त मंडळींसाठी. विसरण्याबद्दल अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी फार कामाचं सांगून ठेवलंय.

तुम्ही अभ्यासाला बसलाय. काहीतरी हवं म्हणून उठता, स्वयंपाकघरात जाता, फ्रिज उघडता आणि तसेच उभे राहता. कशाला आलो होतो आपण? दोन मिनिटं फ्रिजची गार हवा खाता, उगाच एक काकडी उचलता आणि परत येता. खुर्चीत टेकलात रे टेकलात की आठवतं, अरे हो, चार्जर आणायचा होता! आणि तो स्वयंपाकघरात नव्हताच मुळी.

हसू नका, हे सगळ्यांचं होतं. अमेरिकेतल्या नॉत्र दाम विद्यापीठातल्या गॅब्रिएल रॅडव्हान्स्की या मानसशास्त्रज्ञानं यावर प्रयोग केले आणि २०११ मध्ये ते प्रसिद्ध केले. माणसं एकाच खोलीत जेवढं अंतर चालली, तेवढंच अंतर दार ओलांडून चालली, तर दार ओलांडल्यावर जास्त विसरली. दार आलं की मेंदू आधीचा प्रसंग संपला असं धरतो आणि नवं पान उघडतो. मागच्या पानावरचं मागेच राहतं. म्हणजे फ्रिजसमोर पुतळा होणं हा काही रोग नाही.

पण प्रत्येक विसरणं असं काकडीवर निभावत नाही. काही वेळा किंमत मोजावी लागते. आणि कधी कधी ती दुसऱ्याला मोजावी लागते. मला हे एका निळ्या फाइलनं शिकवलं.

निळी फाइल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या वर्गातल्या जवळच्या मैत्रिणीच्या वडिलांना अचानक दवाखान्यात अॅडमिट करावं लागलं. शिष्यवृत्तीच्या अर्जाची हार्ड कॉपी कॉलेजच्या ऑफिसात द्यायचा नेमका तो शेवटचा दिवस. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मार्कशीट, पासबुकाची झेरॉक्स, सगळं क्रमानं लावून तिनं ती निळी फाइल सकाळी साडेसातला बसस्टॉपवर माझ्या हातात दिली. ‘पाचच्या आत दे हं. विसरू नको.’ एवढंच म्हणाली आणि रिक्षात बसून दवाखान्यात पळाली.

फाइल दिवसभर माझ्या सॅकमध्ये होती. मी तिच्यासकट लेक्चरला बसले. तिच्यासकट कँटीनमध्ये वडापाव खाल्ला. ऑफिसच्या दारावरून दोनदा गेले. दुपारी इंटर्नशिपला आले. एका बातमीसाठी तीन फोन लावायचे होते, दोन लागले नाहीत, मधल्या वेळात रील्स बघत बसले. रात्री पावणेनऊला घरी आले, बाटली काढायला सॅकमध्ये हात घातला आणि बोटांना प्लास्टिकची कडा लागली.

पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते त्या क्षणी कळलं.

फोन केला. ती ओरडली नाही. ‘ठीक आहे गं. होतं असं,’ म्हणाली. मग थोडं थांबून, ‘बाबांचे रिपोर्ट घ्यायचेत, ठेवते.’ ओरडली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

पुढचे चार दिवस मी तिच्याशी बोललेच नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? मेसेज टाइप करायचा, डिलीट करायचा. तिची स्टोरी दिसली की बोट पटकन पुढे. दोन दिवस कॉलेजला दांडी. रात्री दोनला जाग यायची आणि डोक्यात तेच: मी बेजबाबदार आहे, मी नेहमी अशीच वागते, माझ्यावर कुणी काही सोपवूच नये, उद्या पत्रकार होऊन मी काय दिवे लावणार. जेवण उतरेना. आई विचारायची, ‘काय झालं?’ मी म्हणायचे, ‘काही नाही.’ तुमच्यापैकी ज्यांनी असा घोळ घातलाय, त्यांना हा सिनेमा पाठ असेल.

तोंडपाठ होतं, पण...

आता थोडं घरचं सांगते. आम्ही बौद्ध. त्रिशरण आणि पंचशील मला बालवाडीच्या आधीपासून तोंडपाठ आहे. पाचव्या शीलात एक लांबलचक शब्द आहे, तो एका दमात कोण म्हणतं याची आम्हा चुलत भावंडांत शर्यत लागायची. मी जिंकायचे. अर्थ? ‘दारू पिऊ नये.’ विषय संपला. त्या लांब शब्दाच्या पोटात ‘पमाद’ असा एक छोटा शब्द बसलाय, याच्याकडे मी वीस वर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पमाद म्हणजे प्रमाद, बेसावधपणा. नशा करू नये, कारण ती माणसाला बेसावध करते, असं ते शील आहे. दारू माझ्या सात पिढ्यांत कुणी प्यायलं नसेलही, पण त्या दुपारी रील्स बघताना मी पुरेशी बेसावध होते.

पावसाळ्यात आमच्या विहारात वर्षावास असतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन. महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्त्यांत हे चालतं. आजी पांढरं लुगडं नेसून न चुकता जाते. त्या दिवशी ती चष्मा घरीच विसरली आणि आईनं तो घेऊन मला पिटाळलं. म्हटलं, चला, विसरणं घराण्यातच आहे.

पोचले तर वाचन संपत आलेलं. बाहेर धो धो पाऊस, म्हणून मागच्या सतरंजीवर टेकले. पाहुणे भंतेजी समोर बसलेल्या पोरांना एक गोष्ट सांगत होते. पोरांसाठी होती, पण मलाच लागली.

चार महिने, एक गाथा

राजगृहात दोन भाऊ भिक्खू झाले. थोरला महापंथक, धाकटा चुल्लपंथक. थोरला हुशार. धाकट्याला त्यानं एकच गाथा पाठ करायला दिली. चार ओळींची. धाकट्यानं चार महिने घोकली. दुसरी ओळ पाठ करायला गेला की पहिली पुसली जायची, तिसरीवर आला की दुसरी. चार महिन्यांत एक गाथा होईना. शेवटी थोरला वैतागला. ‘तुझ्याच्यानं हे होणार नाही, तू घरी जा,’ म्हणाला. तेवढ्यात जीवक वैद्यानं बुद्धांसह सगळ्या भिक्खूंना भोजनाचं आमंत्रण दिलं, तर यादी करताना थोरल्यानं धाकट्याचं नावच घातलं नाही.

(आपण त्याला आजच्या भाषेत काय म्हणू? ‘एटीकेटी’वाला आणि ग्रुपमधून रिमूव्ह केलेला.)

चुल्लपंथक पहाटे उठून निघाला. दारापाशी बुद्ध उभे. त्यांनी त्याला परत गाथा दिली नाही, क्लास लावला नाही, ‘अजून थोडी मेहनत कर’ असं लेक्चरही दिलं नाही. एक स्वच्छ पांढरं फडकं हातात दिलं. पूर्वेकडे तोंड करून बस, हे हातानं चोळत राहा आणि ‘मळ निघतोय’ अशा अर्थाचा एक शब्द म्हणत राहा. एकच शब्द. तो विसरण्यासारखा नव्हता.

ऊन चढलं. हाताला घाम आला. फडकं चोळता चोळता मळकं झालं. चुल्लपंथक बघत होता. मघाशी हे पांढरंशुभ्र होतं, माझ्याच हातानं असं झालं. म्हणजे काहीच जसंच्या तसं राहत नाही. आणि मळ फक्त फडक्याला लागत नाही, मनालाही लागतो. चार महिने पाठांतरातून जे मिळालं नाही, ते एका फडक्याकडे नीट बघण्यातून मिळालं. तो अर्हत झाला.

गोष्टीचा शेवट तर भारीच आहे. तिकडे जीवकाच्या घरी बुद्ध विचारतात, विहारात कुणी राहिलंय का? थोरला म्हणतो, कुणी नाही. माणूस पाठवून बघतात तर आमराई भिक्खूंनी भरलेली, हजार भिक्खू! चुल्लपंथकानं स्वतःची हजार रूपं केलेली आणि नाव विचारलं की सगळे म्हणतात, मीच चुल्लपंथक. विहारातली पोरं खदखदून हसली. चमत्कार सोडून द्या, पण ज्याचं नाव यादीत नव्हतं त्याच्याच नावानं बाग भरून गेली, ही कल्पना मला फार आवडली. पाली अट्ठकथांत ही गोष्ट आहे, धम्मपदाच्या आणि जातकाच्याही.

पाऊस ओसरला. आजीला हाताला धरून घरी निघाले. रस्त्यात काय झालं माहीत नाही, मी तिला फाइलचं सगळं सांगून टाकलं. रडलेही. आजीनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

‘मग त्या पोरीचं काम झालं का?’

‘माहीत नाही गं.’

‘तिचा बाप कसाय?’

‘...माहीत नाही.’

आजी थांबली. ‘चार दिस झाले ना? मग तू रडती कुणासाठी?’

दुसरा बाण

हा प्रश्न मला चपराकीसारखा बसला, कारण उत्तर मला माहीत होतं. मी माझ्यासाठी रडत होते. तिचा अर्ज, तिचे वडील, पुढे काय करता येईल, यातलं काहीही त्या चार दिवसांत माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात फक्त मी: मी किती वाईट, माझं कसं होणार. पहिल्या दिवशी मी फाइल विसरले होते. नंतरचे चार दिवस मी मैत्रिणीलाच विसरले होते. आणि गंमत म्हणजे त्याला मी ‘पश्चात्ताप’ असं छान नाव दिलं होतं.

पाली ग्रंथांत याला बाणाची उपमा आहे. संयुत्तनिकायात बुद्ध सांगतात की, माणसाला एक बाण लागतो, दुखतं. शहाण्यालाही दुखतं, अडाण्यालाही. फरक पुढे आहे. अडाणी माणूस शोक करतो, छाती बडवतो, आणि हे म्हणजे त्याला लगोलग दुसरा बाण लागल्यासारखं असतं. शहाणा पहिल्याच बाणाचं दुःख सोसतो. मी जरा पुढे गेले होते. रोज रात्री दोनला उठून नवीन बाण मारत होते.

एवढंच नाही, या अवस्थेला स्वतंत्र नावही आहे. कुक्कुच्च. म्हणजे केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींची मनाला लागून राहिलेली टोचणी. आणि ती गुणांच्या यादीत येत नाही. मनाला झाकणारे जे पाच अडथळे सांगितलेत, पंच नीवरणं, त्यात तिचा नंबर चौथा आहे. मला वाटायचं, मी स्वतःला छळतेय म्हणजे मी चांगली मुलगी आहे. बौद्ध विचार म्हणतो, हा अडथळा आहे, बाजूला सरक.

ही पाच नीवरणं समजावताना पाण्याच्या भांड्याची उपमा दिलीय, ती तुम्ही लक्षातच ठेवा. आपलं तोंड बघायला तुम्ही पाण्याच्या भांड्यात वाकताय. पाण्यात रंग कालवलाय, तर दिसणार नाही. ती हाव, सेल लागलाय आणि कार्टमध्ये चौथी जीन्स. पाणी उकळतंय, दिसणार नाही. तो राग, कुणाच्या तरी कमेंटवर तुम्ही तीन तास धुमसताय. पाण्यावर शेवाळ, दिसणार नाही. तो आळस आणि सुस्ती. सकाळी आठचं लेक्चर. वाऱ्यानं पाणी हिंदकळतंय, दिसणार नाही. ती बेचैनी आणि टोचणी, म्हणजे माझे चार दिवस. आणि शेवटचं, पाणी गढूळ आणि भांडं अंधारात ठेवलेलं. ती विचिकिच्छा, म्हणजे सगळा गोंधळ. एमपीएससी करू, एमबीए करू, की गावी जाऊन बाबांचं दुकान बघू? याला विचार, त्याला विचार, दहा व्हिडिओ बघ, पुन्हा पहिल्यापासून.

यातली मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट सांगू? पाचही वेळा भांडं तेच आहे आणि तोंडही तेच आहे. बिघडलंय ते पाणी. पाणी निवळतं. गढूळ पाणी निवळावं म्हणून आपण ते ढवळत नाही, ठेवून देतो. गोंधळलेल्या डोक्यानं त्याच रात्री आयुष्याचा निर्णय घ्यायलाच हवा, असं कुठं लिहिलंय?

सति, ऱ्हस्व

आता मुख्य शब्द. पालीत तो आहे सति. (ऱ्हस्व बरं का. मराठीत तो शब्द दीर्घ झाला की भलताच अर्थ होतो.) संस्कृतात स्मृति. आणि हो, त्याचा मूळ अर्थ आहे आठवण.

१८८१ मध्ये ऱ्हीस डेव्हिड्स या अभ्यासकानं याचं इंग्रजी केलं माइंडफुलनेस. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताणतणावाच्या रुग्णांसाठी त्यावर आधारलेला कार्यक्रम सुरू केला. आज ते तुमच्या फोनमधलं अॅप आहे, मागे बासरी आणि झुळझुळ पाणी. आणि या प्रवासात ‘आठवण’ हा अर्थ कुठंतरी गळून पडला. आपल्याला वाटायला लागलं की माइंडफुल माणूस म्हणजे ज्याचं मन हलतच नाही, जो कधी विसरतच नाही. मग आपण डोळे मिटून बसतो, चाळीस सेकंदांत मन उद्याच्या व्हायवावर जातं आणि आपण म्हणतो, आपल्याला नाही जमत बुवा.

पण शब्दच सांगतोय की हा आठवणीचा मामला आहे. आणि आठवण कुणाला येते? जो विसरलाय त्याला. सतिपट्ठान सुत्तात मनाकडे बघायला सांगितलंय, तिथं मन विखुरलेलं असेल तर ‘विखुरलेलं आहे’ असं जाणायचं. ‘विखुरलंय’ हे ज्या क्षणी कळतं, त्या क्षणी तुम्ही परत आलेले असता. म्हणजे तो ‘अरे हो!’चा क्षण असतो ना, ज्याच्यानंतर आपण लगेच कपाळावर हात मारून घेतो, तोच सतिचा क्षण. आपण नेमक्या जागं झालेल्या मिनिटाला स्वतःला झापतो. झोपलेले असताना मात्र कुणी काही बोलत नाही.

मन भटकणं हे तर नेहमीचंच. हार्वर्डमधल्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसात अधूनमधून फोनवर विचारायचे, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि भटकणाऱ्या मनाची माणसं त्या वेळी कमी आनंदी होती. म्हणजे अर्धा दिवस आपण फ्रिजसमोरच उभे असतो.

बुद्धांच्या काळी फोन नव्हता तरी ओढाताण होतीच. त्यांनी एक उपमा दिलीय. साप, सुसर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड असे सहा प्राणी दोरांनी एकमेकांना बांधले. सापाला वारुळात जायचंय, सुसरीला पाण्यात, पक्ष्याला आभाळात, कुत्र्याला गावात, कोल्ह्याला स्मशानात, माकडाला रानात. ज्याचा जोर जास्त, तो बाकीच्यांना फरपटत नेणार. डोळे, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन ही ती सहा. उपाय काय? प्राण्यांना मारायचं नाही, दोर तोडायचा नाही. एक भक्कम खांब रोवायचा आणि दोर त्याला बांधायचा. ओढून ओढून दमले की ते खांबापाशीच बसतात. हा खांब म्हणजे शरीराबद्दलची सति: श्वास, चालणं, हाताला लागणारी वस्तू. माझ्या बोटांना त्या रात्री प्लास्टिकची कडा लागली तशी. ती सकाळी लागली असती तर!

आनंदही विसरला होता

तुम्ही म्हणाल, हे सगळं साधू-संन्याशांना ठीक. त्यांच्यात तरी कोण विसरत असेल? तर ऐका.

बुद्धांचा सहायक आनंद. स्मरणशक्तीत पहिला नंबर. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीति भरली, तेव्हा सगळी प्रवचनं त्याच्या आठवणीतून सांगितली गेली. लिहिलेलं काही नव्हतं. तेव्हा आनंद म्हणजे चालता-बोलता सर्व्हर.

आणि हाच आनंद एक महत्त्वाचा प्रश्न विचारायचा विसरला. बुद्धांनी जाण्याआधी सांगितलं होतं की संघाला वाटलं तर बारीकसारीक नियम सोडून द्या. बारीकसारीक म्हणजे नेमके कुठले, हे आनंदनं विचारलंच नाही! संगीतीत ज्येष्ठांनी त्याला धारेवर धरलं. त्याचं उत्तर विनयपिटकात नोंदलंय. सति राहिली नाही म्हणून विचारलं नाही, असं तो सरळ सांगतो. मला यात दोष दिसत नाही, पण तुमच्यावरच्या श्रद्धेमुळे तो कबूल करतो, असंही म्हणतो. कारणं नाहीत, आदळआपट नाही, ‘मी नालायक आहे’ वगैरे नाटक नाही. शेवटी नियम सगळेच पाळायचे ठरले आणि काम पुढे गेलं.

एका टोकाला चार ओळी लक्षात न राहणारा चुल्लपंथक, दुसऱ्या टोकाला सगळं लक्षात ठेवणारा आनंद. पहिल्याला जाग आली आणि दुसराही चुकला. आपण सगळे यांच्या मधे कुठेतरी. बरं वाटलं ना?

मग करायचं काय?

मी काही गुरू नाही, इंटर्न आहे. पण गेल्या वर्षभरात स्वतःवर करून पाहिलेल्या चार गोष्टी सांगते.

एक, दाराला घंटा समजा. दार ओलांडताना मेंदू पान उलटतो ना? मग दारातच अर्धा सेकंद थांबायचं आणि मनात म्हणायचं, ‘कशाला चाललेय?’ वर्गाचं दार, घराचं दार, बसचं दार. आठवलं की करायचं. विसरलं की पुढचं दार असतंच.

दोन, ‘अरे हो!’ झालं की एक श्वास फुकट सोडायचा. त्या एका श्वासात स्वतःला काही बोलायचं नाही. बोलणी खायची हौस असेल तर नंतर खा.

तीन, आजीचा प्रश्न विचारायचा. ‘काम झालं का?’ आपल्या विसरण्यानं ज्याचं अडलं त्याला आधी फोन. ‘सॉरी’चा निबंध नको. ‘चुकलं माझं. आता काय करता येईल?’ बस.

चार, लिहून ठेवा आणि त्याची लाज बाळगू नका. नाशिककरांनो, पांडवलेण्यांत जाऊन सेल्फी काढता ना? तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिनं आपल्या गेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं कर्तृत्व कोरून ठेवलंय, लेणं भिक्खुसंघाला दान दिल्याची नोंद केलीय. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली. आई मुलाला विसरणार नव्हती, पण माणसं विसरतात हे तिला माहीत होतं. तिनं दगडावर लिहिलं, तुम्ही निदान हातावर पेनानं लिहा.

आणि एक प्रामाणिक सूचना. सतत झोप अपुरी असेल, मन महिनोन् महिने बुडालेलं असेल किंवा विसरणं अचानक फार वाढलं असेल, तर तिथे दाराची घंटा पुरत नाही. डॉक्टरांना दाखवा. बुद्धांनाही जीवक वैद्य लागत होताच.

फाइलचं पुढे काय झालं?

आजीला घरी सोडलं आणि जिन्यातच फोन लावला. ‘चुकलं माझं. बाबा कसे आहेत? आणि आता अर्जाचं काय करता येईल?’ पलीकडे दोन सेकंद शांतता. मग ती म्हणाली, ‘अगं, चार दिवस वाट बघतेय तुझी. एकटीनं ऑफिसात जाऊन विनवण्या करायचं धाडसच होईना. तू चिडलीयेस असं वाटलं मला.’

मी चिडलेय! बघा. माझ्या टोचणीचा तिच्यापर्यंत पोचलेला अर्थ हा होता.

दुसऱ्या दिवशी दोघी गेलो. उशिराचं कारण लिहून अर्ज केला, सोबत दवाखान्याचे कागद जोडले. चूक माझी, हे मी खिडकीपाशी मोठ्यानं सांगितलं. मॅडमनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं, फाइल ठेवून घेतली आणि म्हणाल्या, ‘वर पाठवते. मंजूर होईल का ते नाही सांगता येत.’ अर्ज पुढे गेला. पैसे अजून आलेले नाहीत. येतील की नाही हेही कळलेलं नाही. तिच्या वडिलांची तब्येत आता बरी आहे. आम्ही दर आठवड्याला एकदा त्या खिडकीशी जाऊन विचारतो आणि मग कँटीनमध्ये एक चहा दोघींत घेतो.

हा गोड शेवट नाही, मला माहीत आहे. सगळं विसरणं भरून निघत नाही. पण चार दिवस मी जिथे उभी होते, तिथून तिच्या शेजारी येऊन उभं राहता आलं, एवढं खरं.

त्या दिवशी ऑफिसातून बाहेर पडलो तेव्हा पाऊस नव्हता. गप्पा मारत बसस्टॉपपर्यंत आलो आणि पहिला थेंब नाकावर पडला.

अरे हो. छत्री खिडकीपाशीच राहिली होती.

एक श्वास सोडला आणि दोघी परत फिरलो.